ओळखीचे शब्द, निराळे अर्थ

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. तेथे उतरलेल्या मराठी पाहुण्याला शहरातील हिंदी पाट्या वाचताना सहसा अडचण पडत नाही. लिपी तीच, शब्दही बहुतेक परिचयाचे. परंतु ही सोयच कधीकधी फसवी ठरते. अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी थांबण्याचे कारणच आपल्याला दिसत नाही.

‘यातायात पुलिस’ ही पाटी घ्या. मराठीत यातायात म्हणजे दगदग, हिंदीत वाहतूक. मूळ मात्र एकच. यात म्हणजे गेलेला आणि आयात म्हणजे आलेला. हिंदीने त्यातील ये-जा तेवढी घेतली. मराठीने ये-जा करताना होणारा शीण घेतला.

‘शिक्षा’ शब्दाचेही तसेच. २०२० साली केंद्राच्या मानव संसाधन विकास मंत्रालयाचे नाव हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ झाले. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही शिक्षा हेच आहे. हिंदीने हा अर्थ जपला. मराठीत शिकवण्यासाठी ‘शिक्षण’ रूढ झाले आणि ‘शिक्षा’ दंडाकडे वळली. म्हणून दिल्लीत वाढणारा नातू “शाळेत आम्हांला चांगली शिक्षा मिळते” असे सांगू लागला, तर पुण्याच्या आजीने घाबरून जाऊ नये.

असे गोंधळ पुष्कळदा हसण्यावारी जातात. पण सगळेच नाही. समजा, मुलाच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी लिहिले, ‘कक्षा में बहुत चेष्टा करता है.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आईने तिचा मराठी अर्थ घेतला, तर ज्या कष्टांबद्दल मुलाची पाठ थोपटायची, त्यांबद्दलच त्याला बोलणी बसतील.

‘राजीनामा’ शब्दाने तर पोटावरच पाय यायचा. राजी असल्याचा लेख, हा त्याचा मूळ अर्थ. उत्तरेकडील कोर्टकचेऱ्यांत तो दोन्ही पक्षांच्या तडजोडीच्या कागदाला म्हणतात. नोकरी सोडण्याच्या पत्राला हिंदीत इस्तीफा किंवा त्यागपत्र हे शब्द आहेत. मालकाशी तंटा चाललेल्या मराठी कामगाराला वकिलाने “राजीनामा कर लीजिए” असे सुचवले, तर तो तडजोडीचा सल्ला असतो, नोकरी सोडण्याचा नव्हे. अर्थात सही करण्यापूर्वी अटी समजून घेतल्याच पाहिजेत.

यावर उपाय साधा आहे. घरात एक वही ठेवावी. डाव्या पानावर हिंदी वाक्य, उजव्या पानावर त्याच अर्थाचे मराठी वाक्य. ‘हरकत’ एवढा शब्द लिहून भागणार नाही. ‘उसकी यह हरकत बुरी लगी’ यापुढे ‘त्याचे हे वागणे आवडले नाही’ असे लिहावे. आणि ‘माझी हरकत नाही’ यापुढे ‘मुझे आपत्ति नहीं.’ सुटा शब्द विसरला जातो, वाक्यातला ध्यानात राहतो.

ही वही मुलांकडूनच लिहून घ्यावी. मात्र मूल चुकले की हसू नये. त्याचा शब्द बहुधा चुकीचा नसतो, शेजारच्या भाषेत तो बरोबरच असतो. कोणता अर्थ कोणत्या घरचा, एवढेच त्याला समजावून सांगायचे असते.