संकरित मोटार : काटकसर यंत्राची आणि चालकाची

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस वसलेल्या गडमुडशिंगी या गावाच्या एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळच आहे. 'गोकुळ' दूध संघाचा पशुखाद्य कारखानाही याच गावी आहे. साहजिकच हुपरीकडे जाणाऱ्या येथील रस्त्यावर दिवसभर नाना प्रकारची वाहने दिसतात. पशुखाद्याचे ट्रक, कामगारांच्या मोटारसायकली, केएमटीच्या बसगाड्या आणि गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, अशी ही वर्दळ असते. अलीकडे या वर्दळीत अधूनमधून एखादी मोटार इंजिनाचा आवाज न करता पुढे सरकताना आढळते. तिच्या पाठीवर 'हायब्रीड' असे लिहिलेले असते आणि तिच्याविषयी पारावर व कार्यालयांत बरेच कुतूहलही असते. ही मोटार खरोखरच इंधन वाचविते काय, आणि वाचवीत असल्यास कोणाचे, या प्रश्नांचा विचार करणे आवश्यक आहे. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. त्यामुळे लिटरभर पेट्रोलची बचत ही केवळ घरखर्चापुरती बाब राहत नाही.

'हायब्रीड' हा शब्द आपल्या ग्रामीण भागाला नवा नाही. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली आणि तेव्हापासून 'हायब्रीड' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे ज्वारीचे कणीस उभे राहते. ते बियाणे अधिक उतारा देई, परंतु खत, पाणी व मशागत वेळेवर असेल तरच. संकरित मोटारीचेही बरेचसे असेच आहे. दोन निरनिराळ्या शक्तींचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांचा, तिच्यात संयोग केलेला असतो. त्याचे फळ मात्र चालविणाऱ्याच्या हातापायांवर अवलंबून असते.

शक्ती वाया कोठे जाते?

साध्या पेट्रोल मोटारीत जळणाऱ्या इंधनातील शक्तीपैकी ढोबळमानाने चतुर्थांशच चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली बहुतेक शक्ती उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर व रेडिएटरमधून निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचेही पुढे काय होते? चालक मोटारीला वेग देतो, समोर चौक किंवा म्हैस आली की ब्रेक दाबतो आणि पेट्रोल जाळून मिळविलेला तो वेग ब्रेकमध्ये तापून नाहीसा होतो. शहरातील वाहतुकीत हे शेकडो वेळा घडते. शिवाय उभ्या मोटारीचे चालू इंजिन ताशी सुमारे अर्धा ते एक लिटर इंधन जाळते, तो व्यय निराळाच.

संकरित मोटार या दोन्ही गळत्यांवर उपाय करते. चालकाने वेग कमी केला की विजेची मोटर जनित्राचे काम करू लागते आणि चाकांच्या गतीपासून वीज तयार होऊन बॅटरीत साठते. पुन्हा निघताना तीच वीज कामी येते. मोटार उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होते. वातानुकूलन यंत्र विजेवर चालत असल्याने प्रवाशांना त्रास होत नाही. इंजिनही निराळ्या घडणीचे असते. त्यात ताकद थोडी कमी, पण इंधनाचा विनियोग अधिक चांगला असतो. कमी पडणारी ताकद विजेची मोटर भरून काढते. या मोटारीला बाहेरून विजेचे कनेक्शन जोडावे लागत नाही, कारण तिची सर्व वीज मुळात पेट्रोलमधूनच आलेली असते. हे नीट लक्षात घेतले, तर पुढील पुष्कळसे गैरसमज टळतील.

मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली संकरित मोटार, टोयोटाची 'प्रियस', जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. भारतात ती २०१० साली आली, परंतु किमतीमुळे सामान्यांच्या आवाक्याबाहेरच राहिली. मध्यमवर्गीयाने विचार करावा अशा मोटारी २०२२ साली आल्या. होंडाची 'सिटी', टोयोटाची 'हायरायडर' आणि मारुती सुझुकीची 'ग्रँड व्हिटारा' या त्यांपैकी होत.

येथे खरेदीदाराने एका गोष्टीपासून सावध राहावे. 'हायब्रीड' या एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. 'सौम्य' प्रकारात विजेचे लहानसे यंत्र इंजिनाला केवळ हातभार लावते आणि बहुतेक अशा मोटारी निव्वळ विजेवर चालूच शकत नाहीत. 'पूर्ण' प्रकारातील मोटार इंजिन बंद ठेवून काही अंतर जाऊ शकते. दोन्हींच्या किमतीत आणि बचतीत मोठा फरक आहे. नाव एकच असले, तरी हे दोन माल एका मापाने मोजू नयेत.

चालकाचा पाय

इंधनाच्या काटकसरीचे शास्त्र महाराष्ट्राला संकरित मोटारीने शिकविलेले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे चालक लिटरमागे किती किलोमीटर बस चालवितो, याचा हिशेब एस.टी.च्या आगारांतून ठेवला जाऊ लागला. 'केएमपीएल' हा शब्द कोणत्याही आगारात चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. एकाच मार्गावर तीच बस दोन चालकांच्या हाती दोन निरनिराळे आकडे देते, हे तेथील प्रत्येक जण जाणतो. केंद्र शासनाने १९७८ साली स्थापन केलेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनाही चालकांच्या सवयींवरच भर देत आलेली आहे.

यांतील पहिली सवय नजरेची आहे. पुढील शे-दोनशे मीटरवर काय चालले आहे ते पाहणारा चालक वेळीच पाय उचलतो आणि त्याला ब्रेक क्वचितच जोराने दाबावा लागतो. संकरित मोटारीत या सवयीचे मोल दुप्पट होते. हळुवार व दीर्घ ब्रेक लावल्यास वेगाची बरीच शक्ती वीज होऊन परत मिळते. एकदम जोराने दाबल्यास साधे ब्रेक कामाला लागतात आणि ती शक्ती पूर्वीसारखीच तापून जाते. अर्थात संकटप्रसंगी ब्रेक जोरानेच दाबावा. तेथे पेट्रोलचा हिशेब करू नये.

दुसरी गोष्ट वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेल्यास वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोनपट होतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग काटकसरीचा म्हणून सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. तथापि पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकांच्या रांगेत मधल्या मार्गिकेतून त्या वेगाने जाणे धोक्याचे ठरेल. तेथे डाव्या बाजूने ७०-८० च्या आसपास स्थिर वेग राखणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. टायरमधील हवा महिन्यातून दोनदा तरी, टायर थंड असताना तपासावी. छतावरील रिकामे कॅरियर काढून ठेवावे.

संकरित मोटारीच्या नव्या मालकांची एक सवय मात्र उलटी फळते. मोटार केवळ विजेवर चालावी म्हणून ते गोगलगायीच्या गतीने वेग वाढवितात. बॅटरी रिकामी झाली की ती भरण्यासाठी इंजिनाला जादा काम करावे लागते. शिवाय मागील वाहनचालकांचा खोळंबा होतो तो वेगळाच. त्यापेक्षा मध्यम जोराने इच्छित वेग गाठावा आणि मग पाय हलका करावा. इंजिन केव्हा बंद ठेवायचे, हे यंत्राला आपल्यापेक्षा चांगले कळते.

घाटातील हिशेब

कोल्हापूरकरांचे कोकणात जाणे नित्याचे आहे. घाट उतरताना गिअर 'न्यूट्रल'मध्ये टाकून पेट्रोल वाचविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती तितकीच घातकही आहे. आजच्या इंजिनात गिअर घातलेला असताना व ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळत राहते. म्हणजे बचतही होत नाही आणि इंजिनाचा अटकावही हातचा जातो. संकरित मोटारीत न्यूट्रल केल्यास बॅटरीत वीज साठण्याचेही थांबते.

घाटात बॅटरी कितपत उपयोगी पडते, हे आकड्यांनी पाहू. प्रवाशांसह साडेपंधराशे किलो वजनाची मोटार पाचशे मीटर उंची उतरली, तर सुमारे दोन युनिट वीज होईल इतकी शक्ती मोकळी होते. येथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलात असते तेच. टायरांचे घर्षण व हवेचा विरोध वजा जाता दीड युनिट धरू. 'हायरायडर'सारख्या मोटारीची बॅटरी पाऊण युनिटाचीच असते, आणि तीही पूर्ण रिकामी कधीच होऊ दिली जात नाही. म्हणजे करूळ किंवा आंबा घाट अर्धाही उतरला नाही तोच बॅटरी भरून जाते. त्यानंतरचा सर्व भार ब्रेकवर पडू नये यासाठी गिअरच्या दांड्याशी 'बी' हे चिन्ह दिलेले असते. ते लावले की इंजिन अटकाव करते. हे चिन्ह कशासाठी आहे, याची चौकशी घाटात जाण्यापूर्वी केलेली बरी.

मालकांचा अनुभव

'ग्रँड व्हिटारा'च्या पूर्ण संकरित प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर असा आहे. हा आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगक्रमाने काढला जातो. तेथे खड्डे, चढ व पाहुणेमंडळी नसतात. प्रत्यक्ष वापरात मालकांना बहुधा वीस ते पंचवीसच्या दरम्यान आकडा मिळतो. त्यातही एक चमत्कारिक बाब आढळते. साधी मोटार महामार्गावर चांगला आकडा देते आणि शहरात कमी. संकरित मोटारीचे पुष्कळदा याच्या उलट घडते, कारण ज्या थांबण्या-निघण्यात साधी मोटार शक्ती गमावते, तेथेच ही कमावते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत जाणे हा येथील नित्याचा प्रसंग आहे. त्यात संकरित मोटार खऱ्या अर्थाने उजवी ठरते. लांब चढावर मात्र इंजिन एका सुरात मोठ्याने घोंघावते. त्यात बिघाड नसून ती रचनाच तशी आहे.

काही अडचणी विक्रेते आपण होऊन सांगत नाहीत. बॅटरीमुळे सामानाची जागा घटते. बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा घेणारी जाळी आत असते. ती पिशव्यांनी झाकू नये व धुळीच्या दिवसांत साफ करून घ्यावी. मोटार महिनाभर उभी राहिली, तर मोठी बॅटरी नव्हे, तर साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोटार सुरूच होत नाही. शिवाय चार-पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापेपर्यंतच मुक्काम येतो आणि बचत फारशी दिसत नाही.

आता पैशांचा हिशेब. समजा, साध्या मोटारीपेक्षा संकरित मोटारीस तीन लाख रुपये अधिक पडले. साधी मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते व संकरित २२, आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. गडमुडशिंगीहून कोल्हापुरास कामाला जाणाऱ्या शिक्षकाची मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर धावते असे धरले, तर त्याचे सुमारे २१२ लिटर पेट्रोल, म्हणजे बावीस हजार रुपये वाचतील. तीन लाख भरून निघण्यास साडेतेरा वर्षे लागतील, तीही व्याज न धरता. तोच प्रवासी मोटार भाड्याने चालविणारा वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरला, तर ही रक्कम साडेचार वर्षांत वसूल होईल. म्हणून केवळ बचतीसाठी संकरित मोटार घेणे कमी फिरणाऱ्या कुटुंबास परवडणारे नाही, असेच म्हणावे लागते. त्या शिक्षकाने असलेलीच मोटार नीट चालविली आणि आठवड्यातून दोन दिवस केएमटीची बस धरली, तर तीन लाख न गुंतवता बचतीचा बराच पल्ला गाठता येईल.

करांचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. त्यानुसार विजेवरील मोटारींवर ५ टक्के, तर लहान आकाराच्या मर्यादेत न बसणाऱ्या संकरित मोटारींवर ४० टक्के कर आहे.

या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. येथील ओतशाळा व यंत्रशाळा मोटारउद्योगासाठी सुटे भाग तयार करतात. निव्वळ विजेच्या मोटारीत इंजिनच नसते, म्हणून त्याचे ओतीव भागही लागत नाहीत. संकरित मोटारीत ते लागतात. टोयोटाचा भारतातील भागीदार असलेला किर्लोस्कर उद्योगसमूहही शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० साली रुजला. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील नियोजित मोटार कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. ऊसउत्पादकांचा संबंध तर याहून सरळ आहे. देशात २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. त्यामुळे अशा इंधनावर कोणतीही मोटार लिटरमागे थोडे कमी अंतर जाते. आपला आकडा गेल्या काही वर्षांत घसरला असेल, तर मेकॅनिकला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी इथेनॉलवर चालू शकणारी संकरित 'इनोव्हा' नवी दिल्ली येथे नमुना म्हणून दाखविण्यात आली. ती बाजारात आल्यास उसाच्या मळ्यातील शक्ती आणि ब्रेकमधून परत मिळविलेली वीज एकाच यंत्रात एकत्र येतील.

आकडा काढण्याची रीत शासकीय वाहनांच्या लॉगबुकाचीच असावी. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर टिपावेत, पाचशेएक किलोमीटर फिरून पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी आणि भागाकार करावा. पडद्यावरील आकडा बहुधा थोडा उदार असतो.

वापरलेली संकरित मोटार घेणाऱ्यांनी मोठ्या बॅटरीच्या हमीची तारीख व अट कागदोपत्री पाहावी. अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, ही हमी देतात. झाकण उघडल्यावर दिसणाऱ्या नारिंगी रंगाच्या जाड तारा उच्च दाबाच्या असतात. रस्त्याकडेच्या कारागिराने, तो कितीही वाकबगार असला तरी, प्रशिक्षणाशिवाय त्यांना हात लावू नये. अपघातग्रस्त मोटारीतून लोकांना बाहेर काढताना ग्रामस्थांनीही त्या तारांपासून दूर राहावे.