पारशी, फारसी, इराणी : एका देशाची दोन नावे

मराठीत एकाच देशाची आठवण सांगणारे तीन शब्द रोजच्या वापरात आहेत. 'पारशी' म्हटले की अग्यारी आठवते, 'फारसी' म्हटले की जुन्या दफ्तरांतील कागद, आणि 'इराणी' म्हटले की चहा व ब्रून-मस्का. चौथा शब्द आपण इंग्रजी पुस्तकांतून घेतला, तो म्हणजे 'पर्शिया'. '१९३५ साली पर्शियाचे नाव बदलून इराण ठेवण्यात आले' असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते वाचले की सिलोनचे श्रीलंका झाले तसाच हा प्रकार असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्या देशातील लोकांनी १९३५ साली आपले नाव बदललेच नाही. त्यांनी जगाला आपले नाव बदलून घ्यायला सांगितले. या दोन गोष्टींतला फरक समजण्यासाठी अडीच हजार वर्षे मागे जावे लागते.

आजच्या इराणच्या नैर्ऋत्येस, शिराझ शहराच्या परिसरात, प्राचीन काळी 'पार्स' नावाचा प्रदेश होता. इ. स. पूर्व सहाव्या शतकात तेथील हखामनी घराण्यातील कुरुश, म्हणजे ग्रीकांचा सायरस, याने मोठे साम्राज्य उभारले. ग्रीकांचा संबंध आला तो या पार्सच्या राज्यकर्त्यांशी. त्यांनी 'पर्सिस' हे नाव साऱ्या साम्राज्याला लावले आणि लॅटिनमार्गे ते युरोपभर 'पर्शिया' होऊन पसरले. हॉलंड हा नेदरलँड्‌सचा एक भाग. पण व्यापार आणि दर्यावर्दी तिथले, म्हणून आपण सबंध देशालाच हॉलंड म्हणत आलो. पार्सचे तसेच झाले.

आपल्याकडेही हेच नाव पोहोचले. कालिदासाच्या 'रघुवंशा'त चौथ्या सर्गातील दिग्विजयात रघू पारसीकांवर चालून जातो. पुढे अरबांनी हा प्रदेश जिंकला. अरबी वर्णमालेत 'प' नाही, म्हणून 'पार्स'चे 'फार्स' झाले आणि भाषेचे नाव 'फारसी' झाले. त्या प्रांताला आज इराणातही 'फार्स'च म्हणतात. मराठीने मात्र जुना 'प' एका आडनावात जपून ठेवला आहे. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी तो 'पारसनीस'.

आता दुसरे नाव. अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथात तेथील लोक स्वतःला 'ऐर्य' म्हणवतात. हा संस्कृतातील 'आर्य' शब्दाचा सख्खा भाऊ. संस्कृतात षष्ठीचे अनेकवचन 'आर्याणाम्' होते. याच अर्थाच्या जुन्या इराणी रूपापासून 'एरान' आणि त्यापासून आजचे 'ईरान' आले. म्हणजे 'इराण' या शब्दाचा अर्थ 'आर्यांची (भूमी)'. नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखात सम्राट दारयवहुश, म्हणजे दरायस, स्वतःला पार्सचा, पार्सच्या माणसाचा पुत्र, आणि त्यापुढे आर्य व आर्यकुळातला म्हणवतो. पार्स ही त्याची प्रांताची ओळख होती आणि आर्य ही त्याहून व्यापक ओळख. दोन्ही नावे एकाच माणसाच्या मुखी गुण्यागोविंदाने नांदत होती.

इ. स. तिसऱ्या शतकात ससानी घराणे सत्तेवर आले आणि 'एरान' हे राज्याचे नाव झाले. पहिला शापूर आपल्या त्रैभाषिक शिलालेखात स्वतःला एरान व अनेरान, म्हणजे इराण आणि इराणबाहेरचा मुलूख, यांचा राजाधिराज म्हणवतो. इ. स. ६५१ मध्ये शेवटचा ससानी राजा यज्दगर्द मारला गेला आणि हे राज्य संपले. नाव मात्र संपले नाही. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या फिर्दौसीच्या 'शाहनामा'त इराण आणि तुराण यांचाच संघर्ष आहे. तेराव्या शतकात मंगोल इलखानांच्या काळात राज्याचे नाव म्हणून 'इराण' पुन्हा वापरात आले आणि पुढे कायम राहिले. युरोपच्या नकाशांवर 'पर्शिया' छापले जात असतानाही देशातील लोक 'इराण'च म्हणत होते.

याचा भक्कम पुरावा आपल्या मुंबईत आहे. ससानी सत्तेच्या पाडावानंतर गुजरातच्या किनाऱ्यावर आलेले जरथुश्त्री 'पारशी' म्हणून ओळखले गेले. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत यझ्द, केरमान या भागांतून आलेले त्यांचे धर्मबंधू 'इराणी' ठरले. धर्म एक, मूळ देश एक. पण येण्याचा काळ निराळा म्हणून नाव निराळे. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट काढणाऱ्या अर्देशीर यांचे आडनाव इराणी होते. त्यांच्याच कंपनीत १९३३ साली मुंबईत तयार झालेल्या 'दुख्तर-ए-लोर' या पहिल्या फारसी बोलपटाच्या जोडनावात 'कालचा इराण आणि आजचा इराण' असे शब्द होते. त्या वेळी इंग्रजी कागदपत्रांतून देश 'पर्शिया'च होता.

१९३४ च्या अखेरीस रझा शाह पहलवीच्या सरकारने परदेशी वकिलातींना कळवले की, येत्या नवरोजपासून, म्हणजे मार्च १९३५ पासून, पत्रव्यवहारात 'इराण' हेच नाव वापरावे. ही कल्पना बर्लिनमधील इराणी वकिलातीतून आली, 'आर्य' शब्दाला तेव्हा जर्मनीत आलेले वंशवादी महत्त्व त्यामागे होते, असे सांगितले जाते. ते खरे मानले तरी नाव त्या काळात घडवलेले नव्हते. शिवाय एका प्रांताचे नाव साऱ्या देशाला लावणे अझेरी, कुर्द, बलुच, लोर अशा लोकसमूहांच्या देशात अपुरेच होते.

जगाने हे मान्य केले. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी त्याच वर्षी अँग्लो-इराणियन झाली. मात्र दुसऱ्या महायुद्धात इराण आणि इराक यांत गोंधळ होऊ नये म्हणून चर्चिल यांनी पुन्हा 'पर्शिया' वापरायला लावले. पुढे इराणी विद्वानांनीच तक्रार केली की, पर्शियन काव्य, पर्शियन गालिचा, पर्शियन चित्रकला यांच्याशी आपले नाते जगाला ओळखू येईनासे झाले. १९५९ साली महंमद रझा शाहच्या सरकारने दोन्ही नावे चालतील असे जाहीर केले. व्यवहारात 'इराण' रुळले आणि 'पर्शियन' हा शब्द भाषा, गालिचे आणि आखात यांपुरता उरला.

या कथेचा एक धागा आपल्याही नावात गुंतला आहे. सिंधू नदीकाठच्या प्रदेशाला प्राचीन इराण्यांनी 'हिंदुश' म्हटले, कारण त्यांच्या भाषेत आपल्या 'स'च्या जागी 'ह' येतो. ग्रीकांनी तो 'ह' गाळला आणि त्यापासून 'इंडिया' झाले. इराण्यांना बाहेरचे नाव ग्रीकांनी दिले, तर आपल्याला इराण्यांनी. इराणने बाहेरचे नाव बाजूला ठेवून घरातले नाव पुढे केले. आपल्या संविधानाने पहिल्याच अनुच्छेदात 'इंडिया' आणि 'भारत' ही दोन्ही नावे शेजारी ठेवली. घरातले नाव लोक आपल्याला काय मानतात ते सांगते आणि बाहेरचे नाव जगाशी आपली गाठ कुठे पडली ते सांगते. म्हणून एखाद्या देशाचे 'जुने नाव' वाचताना ते कोणाच्या तोंडचे, हे आधी विचारावे.