इंजिनाचा श्वास आणि आपला

फेरारीची २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी १९६२ साली आली. तिच्या तीन लिटरच्या इंजिनाला बारा सिलिंडर होते आणि त्यांच्यासाठी वेबर कंपनीचे सहा जोडनळ्यांचे कार्ब्युरेटर. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. साध्या गाडीत एकच कार्ब्युरेटर सगळ्यांना मिश्रण वाटतो, त्यामुळे थोडे कमीजास्त खपून जाते. इथे ती सोय नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन झेप घेते खरे, पण एक नळी जरा जास्त उघडी राहिली तरी ते अडखळते.

म्हणून ट्यूनिंगचा क्रम ठरलेला असतो. आधी टॅपेट आणि इग्निशनचे टायमिंग तपासायचे. मग इंजिन गरम करून प्रत्येक नळीच्या तोंडाशी हवेचा मापक लावायचा आणि आकडा सगळीकडे सारखा येईपर्यंत थ्रॉटल जुळवायचे. जुने मेकॅनिक रबरी नळी कानाला लावून नुसत्या आवाजावर हे काम करतात. त्यानंतर मिश्रणाचे स्क्रू एकेक करून फिरवायचे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर ती १२.५ ते १३ किलोपर्यंतच ठेवतात. पेट्रोल कमी पडले तर भरवेगात पिस्टन वितळू शकतो, म्हणून ट्यून करणारा हात थोडा सैलच सोडतो. मात्र हवा अपुरी पडली की पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. जुन्या गाड्यांत त्याला अडवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते; माणसाला वाटते, उकाड्याने झाले असेल. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते आणि तो ९८ दाखवत राहतो.

दार किलकिले ठेवून पंखा लावला की भागते, हा समज जिवावर बेतू शकतो. ट्यूनिंग मोकळ्या जागेतच करावे. डोके जड वाटले तर आधी उघड्यावर यावे, ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि इंजिनाच्या धुराजवळ होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.