तंजावरची तार, इलेक्ट्रॉनची घाई

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. याच गावची फणसाच्या लाकडाची वीणाही तितकीच नामांकित. 2013 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मेणात बसवलेले 24 पडदे, वाजवायच्या 4 तारा, तालाच्या 3.

यातली एक तार घोडीपासून 10 सेंटिमीटरवर छेडली, असे समजा. तारेची लांबी 80 सेंटिमीटर आणि कंपने सेकंदाला 150 धरली, तर लहर सेकंदाला 240 मीटर धावते. घोडीला खबर लागायला 0.4 मिलिसेकंद, दुसऱ्या टोकाला जवळपास 3. तोवर ते टोक ढिम्म. कारण आधी, परिणाम मागाहून.

नखाने तार जितकी टोकदार खेचावी, तितके वरचे स्वर त्यात जास्त मिसळतात. एका जागी नेमके असायचे, तर अनेक तरंगलांबींची मोट बांधावी लागते. जवळच्याच तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यात आणखी गंमत दाखवली. छेडण्याच्या जागेमुळे जो उपस्वर गायब व्हायला हवा, तो वीणेच्या वक्र घोडीमुळे चक्क खणखणीत ऐकू येतो.

इलेक्ट्रॉनचा तरंगपुंजही अशीच अनेक तरंगलांबींची मोट. पण श्रोडिंगर यांच्या 1926 च्या समीकरणानुसार इलेक्ट्रॉन काटेकोर कोंडून मग मोकळा केला, तर पुढच्याच क्षणी तो चंद्रावर सापडण्याची संभाव्यताही शून्य उरत नाही! सळईच्या वाकण्याचे जुने समीकरणही हाच घोटाळा करते. तिथे टिमोशेंको यांनी 1921 मध्येच दुरुस्ती केली. इथे मात्र सापेक्षतावाद जोडूनही भागत नाही. डिराक यांच्या समीकरणात लहर प्रकाशाला मागे टाकत नाही खरी, पण त्यासाठी ऋण ऊर्जेचे तरंग सोबत बाळगावे लागतात. ते वगळले की पुन्हा तीच घाई. ऊर्जेला तळ असेल, तर काटेकोर कोंडलेला कण लगेच दूरवर पसरतोच, हे गेरहार्ड हेगरफेल्ट यांनी 1974 मध्ये सिद्ध केले.

पण म्हणून कार्यकारणभाव मोडीत निघत नाही. संशय घ्यायचा तो ‘काटेकोर कोंडण्यावर’. इलेक्ट्रॉनला सुमारे 2.4 पिकोमीटरच्या आत दाबू पाहिले, तर लागणाऱ्या ऊर्जेतून नवेच कण जन्मू शकतात. मग नेमका कोणता इलेक्ट्रॉन कोंडला, हेच सांगता येत नाही.

फर्मी यांनी 1932 मध्ये दोन अणूंचा प्रश्न मांडला होता: एकाने सोडलेली ऊर्जा दुसऱ्याला कधी पोचते? 1994 मध्ये हेगरफेल्ट यांनी त्या गणितावर बोट ठेवले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. बुखहोल्ट्स आणि इंग्वासोन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. निर्वातातल्या चढउतारांमुळे दुसऱ्या अणूत थोडी हालचाल एरवीही दिसू शकते. पहिल्या अणूमुळे पडणारा फरक मात्र प्रकाश पोचण्याआधी तिथे उमटत नाही.