एमसीबीने किती कळ काढावी

मिनिएचर सर्किट ब्रेकर, म्हणजे घरच्या डीबी बॉक्समधला एमसीबी, प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तत्क्षणी पडतो अशी समजूत आहे. ‘आयईसी ६०८९८-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक मात्र त्याने कधी पडू नये हेही तितक्याच कसोशीने ठरवते. भारतात पूर्वी ‘आयएस ८८२८’ होते. पुढे भारतीय मानक ब्यूरोने आंतरराष्ट्रीय मानकच स्वीकारले.

एमसीबीच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक, दोन धातूंची जोडपट्टी: तापली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, पट्टी वाकते आणि खटका सोडते. दुसरा, तारेच्या वेटोळ्याचा विद्युतचुंबक, जो शॉर्ट सर्किट होताच झटका देतो. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीत १९२४ मध्ये या दोघांना एका डबीत बसवले गेले.

पट्टीचे काम संथ. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर, तासभर वाहिले तरी तो पडता कामा नये. १.४५ पटीला, २३.२ अँपिअरला, तो तासाच्या आत पडलाच पाहिजे. २.५५ पटीला एक सेकंद ते एक मिनिट एवढीच मुभा. ही ढिलाई हिशेबी आहे: वायरही हळूहळूच तापते. म्हणूनच सारखा पडतो म्हणून १६च्या जागी ३२चा एमसीबी बसवणे हा घातक उपाय ठरतो. वायर तीच राहते आणि ४६ अँपिअर तासभर सोसण्याची वेळ तिच्यावर येते.

चुंबकाच्या बाबतीत बी, सी, डी असे प्रकार आहेत. बी ३ ते ५ पटींच्या दरम्यान, सी ५ ते १०, तर डी १० ते २० पटींच्या दरम्यान तत्काळ पडतो. फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. त्या घोटाला घाबरून बी पडू शकतो, सी सहसा तग धरतो. गिझर, इस्त्री यांना बी पुरतो.

हे पट्टीचे आकडे ३० अंश सेल्सिअसला धरलेले आहेत. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद डीबीत दाटीने बसलेला एमसीबी त्याआधीच पडला तर तो बिघाड नव्हे. दांडी हाताने वर दाबून धरली तरी आतला खटका सुटलाच पाहिजे, ही अटही मानकात आहे. ती कोणासाठी, हे सांगायला नको.

माणसाला बसणारा शॉक मात्र एमसीबीच्या आवाक्याबाहेर असतो. जिवावर बेतणारा प्रवाह अँपिअरच्या काही शतांशांत मोजतात. ते काम गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीचे, आणि त्याचे मानकही वेगळे, ‘आयईसी ६१००८-१’. त्यानुसार सर्वसाधारण ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटलेच पाहिजे, आणि १५ला मुळीच नाही.