मनाची तालीम : काय साधते, काय साधत नाही



आमच्या रुग्णालयाचे देणगीदार आणि हितचिंतक एक प्रश्न वारंवार विचारतात. रुग्णालयाने खाटा वाढवाव्यात, यंत्रसामग्री घ्यावी, हे कोणालाही समजते. परंतु रुग्णांच्या व त्यांच्या घरच्यांच्या मनाच्या प्रशिक्षणासाठी वेळ आणि पैसा का खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. समाजाने विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्य आहे आणि तो हिशेब केवळ आकड्यांचा असून भागत नाही. म्हणून यंदाच्या अहवालात या विषयासाठी काही पाने राखून ठेवली आहेत.

घणसोली गावात राहणाऱ्यांना ‘माइंडसेट कोचिंग’ हा शब्द आता नवा नाही. एकेकाळी शेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारे हे आगरी-कोळी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या. आज गावातल्या अरुंद गल्लीत आजी दारात सुके बोंबील निवडत बसलेली असते आणि तिचा नातू रात्रपाळी करून नुकताच घरी परतलेला असतो. दोन पिढ्यांत एवढे अंतर कापलेल्या घरातील मुलाच्या मनावर ‘पुढे गेलेच पाहिजे’ याचे ओझे किती असेल, याची कल्पना बाह्यरुग्ण विभागात बसल्यावर येते. छातीत धडधडते, झोप लागत नाही, पोट बिघडते, अशा तक्रारी घेऊन तरुण येतात. तपासण्या निर्दोष निघतात आणि तरीही त्रास खराच असतो. अशा वेळी ‘तीन दिवसांत आयुष्य बदला’ अशी जाहिरात त्यांच्या नजरेस पडली, तर ते तिकडे वळणारच.

या विषयाचा पाया मात्र जाहिरातीत नाही, आणि महाराष्ट्रात तो बराच भक्कम घातला गेला आहे. भीष्मराज बाम हे निवृत्त पोलीस अधिकारी नाशिकला राहून खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेत. २०१७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक अनेक मराठी घरांत वाचले गेले. ते स्वतः नेमबाज होते आणि अंजली भागवत यांच्यासह अनेक नेमबाजांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. योगशास्त्रातील एकाग्रतेचा विचार आणि आधुनिक क्रीडामानसशास्त्र यांची सांगड त्यांनी घातली होती.

नेमबाजीचेच उदाहरण घेण्याचे कारण वैद्यकीय आहे. दहा मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याच्या केंद्रातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इतक्या सूक्ष्म ठिपक्यासाठी श्वासाची हालचालच काय, हृदयाचा ठोकाही बंदुकीची नळी हलवू शकतो. मनात भीती आली की नाडी जलद होते, नाडी जलद झाली की नेम हलतो आणि नेम हलला की भीती वाढते. हे चक्र तोडण्यासाठी नेमबाज श्वास संथ करतो, प्रत्येक गोळीपूर्वी तोच ठरलेला क्रम पाळतो आणि गुणफलकाकडे न पाहता हातातल्या एका गोळीकडे लक्ष देतो. आमच्या शेजारच्या पनवेल येथे तरुण नेमबाज घडविणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळविले, म्हणजे चाळीसही गोळ्या अचूक. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली, तेथे मात्र पदक मिळाले नाही. मनाची उत्तम तयारी ही पदकाची हमी नव्हे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण या क्षेत्रात हमी विकणारे फार झाले आहेत.

अवनी लेखरा या सुमा शिरूर यांच्याच शिष्या. २०१२ साली मोटार अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. २०२१ मध्ये टोकियो येथील पॅरालिंपिकमध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी सुवर्णपदक मिळविले. आमच्या फिजिओथेरपी विभागात येणाऱ्या रुग्णांना आम्ही त्यांचे नाव सांगतो, पण जपून. ‘बघा, त्यांना जमले, तुम्हाला का नाही?’ हे वाक्य रुग्णाला उभे करण्याऐवजी खाली बसवते. ‘एका दिवशी एकच गोळी, एकच पाऊल’ एवढाच भाग आम्ही त्यातून घेतो.

आता खाटेवरच्या रुग्णाकडे वळू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली, जी मराठीत विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून ओळखली जाते. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली समजूत उभी असते, आणि बदलता येण्यासारखी तीच असते, हे तिचे सार. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ने ती समुपदेशनातून आणि प्रशिक्षणातून रुजविली, त्यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक याच पद्धतीवर आहे. ठाणे येथून घणसोली रेल्वेने अगदी जवळ, त्यामुळे हा विचार आम्हांला परका वाटला नाही.

गंमत अशी, की एलिस यांना जे सांगायला पाने लागली ते मराठीत एका अक्षरात सांगता येते. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘मला बरे व्हायचे आहे’ ही इच्छा झाली; ‘मी पूर्वीसारखा झालोच पाहिजे’ हा हट्ट झाला. इच्छा पूर्ण न झाल्यास माणूस खंतावतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. हट्ट मोडला की तो कोसळतो. मधुमेहाच्या रुग्णांत हे आम्ही दरवर्षी गणपतीनंतर पाहतो. घरात मोदक झाले, पाहुणे आले, पथ्य मोडले. ‘मी पथ्य पाळायलाच हवे होते, आता सगळे संपले’ असे म्हणून रुग्ण पुढचे कित्येक आठवडे साखर तपासत नाही, गोळ्याही सोडतो. नुकसान मोदकापेक्षा त्या ‘च’ने अधिक केलेले असते. ‘पथ्य मोडले, ते चांगले झाले नाही, पण उद्या सकाळची गोळी माझ्या हातात आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसविणे म्हणजेच आमचे प्रशिक्षण. दिसायला साधे आहे. बसायला बऱ्याच बैठका लागतात.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत खिन्नता वारंवार आढळते आणि अशा रुग्णांची प्रकृती सुधारण्यातही अडथळे येतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. औषधे घेण्यात, व्यायामात, पुन्हा तपासणीला येण्यात हीच माणसे मागे पडतात. मनाकडे दुर्लक्ष करून शरीरावर केलेला खर्च अशा वेळी वाया जाण्याची शक्यता असते. खाटा आणि यंत्रे यांच्याबरोबरीने या कामास स्थान देण्यामागे आमचा विचार एवढाच आहे.

‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्दही पालकांच्या ओठी असतो. कॅरल ड्वेक यांच्या २००६ सालच्या पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला. बुद्धी जन्मजात ठरलेली नसून ती प्रयत्नांनी वाढते, असा विश्वास मुलांत रुजविल्यास ती अपयशाने खचत नाहीत, असे हे मत. २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तासाभराहूनही कमी वेळेच्या पाठाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत सुधारणा झाली. पण ती सुधारणा अल्प होती, आणि शाळेतील वातावरण पोषक असेल तेथेच ती अधिक दिसली. लाभ खरा आहे, चमत्कार नाही. शाळेत बाक नसेल, घरात अभ्यासाला जागा नसेल, तर मुलाला केवळ ‘मनोवृत्ती बदल’ असे सांगणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. परिसरातील एक महाविद्यालयीन मुलगा खोलीबाहेर पडेनासा झाला होता. आईवडिलांनी कर्ज काढून त्याला एका प्रेरणा शिबिराला पाठविले. तेथे त्याला ‘नकारात्मक विचार सोड’ असे सांगण्यात आले. ते त्याला सोडता येईनात, म्हणून तो स्वतःलाच दोषी मानू लागला. आमच्याकडे आणले तेव्हा कित्येक महिने गेले होते आणि त्याला तीव्र नैराश्य होते. ‘मोडलेल्या पायावर धावायला सांगितलं ना आम्ही त्याला?’ त्याच्या वडिलांनी विचारले. आम्ही काही बोललो नाही. औषधोपचारानंतर तो हळूहळू सावरला, आणि ध्येय, सराव, वेळापत्रक या गोष्टी त्याच्याशी त्यानंतर बोलता आल्या. क्रम तोच असावा लागतो.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातील रस गेलेला असेल, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा असेल, तर प्रशिक्षकाकडे नव्हे, डॉक्टरांकडे या. प्रशिक्षक म्हणवून घेण्यास कोणताही परवाना लागत नाही; चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात संकोच नसावा. औषधे बंद करण्यास सांगणारा, निकालाची हमी देणारा किंवा पहिल्याच भेटीत मोठी रक्कम भरून घेणारा मार्गदर्शक टाळावा. रात्री-अपरात्री गरज भासल्यास केंद्र शासनाची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.

आमच्या बैठका रुग्ण व त्यांच्या घरच्या एका व्यक्तीसाठी असतात. त्यांत घोषणा नाहीत, टाळ्या नाहीत. संथ श्वास, दुसऱ्या दिवसाचे एक छोटे काम कागदावर लिहिणे, आणि बोलताना कोणी ‘च’ लावला तर तो दाखवून देणे, एवढेच. हे काम आता परिचारिकाही करू लागल्या आहेत. परवा एका आजींनी आमच्याच डॉक्टरांना थांबवून विचारले, “तुम्ही म्हणालात, उद्या घरी सोडायलाच पाहिजे. हा ‘च’ कुणाचा?” डॉक्टरांना उत्तर सुचले नाही. त्या आजी आणखी दोन दिवस राहिल्या.