पंखा आणि तंबोरा

हबीबगंज भागातील आमच्या मराठी मंडळींत हल्ली एकमत होणे दुरापास्त झाले आहे. वाद राजकारणावरून नाही, लग्नातल्या मानपानावरूनही नाही. वाद होतो तो यंत्रांवरून. संध्याकाळी दहा नंबरच्या बाजारात भाजीला निघालेले निवृत्त गृहस्थ कोपऱ्यावर थांबतात आणि कोणाचा टीव्ही किती इंची, कोणाच्या लॅपटॉपमध्ये किती जीबी, कोणाच्या मुलाने परदेशातून कोणता स्पीकर आणला, यावर अर्धा-अर्धा तास बोलतात. एकाचे म्हणणे, ब्लूटूथवर नाट्यसंगीत काय सुंदर ऐकू येते! दुसऱ्याचे म्हणणे, तारेवाचून आलेला आवाज म्हणजे पाणी घातलेले दूध. तिसरे गृहस्थ सारा जन्म भेलच्या कारखान्यात काढलेले, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. वॅट तेवढे पाहून घ्या, बाकी सारी जाहिरातबाजी, असा त्यांचा निवाडा असतो. स्टेशनचे नाव २०२१ च्या नोव्हेंबरात राणी कमलापती झाले, तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. त्याचप्रमाणे या मंडळींच्या तोंडी अजून ‘टेप’ हाच शब्द आहे, मग समोर वाजणारी वस्तू कोणतीही असो.

या वादात माझे मत सहसा कोणी विचारीत नाही. मी पडलो गाण्याचा मास्तर. वडील माळव्यातल्या एका संस्थानी दरबारी गवई होते. संस्थाने विलीन झाली तेव्हा ते ऐन विशीत होते आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ, तेव्हा दरबार काही मी पाहिला नाही. दरबारातून घरी आलेला तंबोरा मात्र पाहिला, आणि तो अजून वाजतो. अशा माणसाला यंत्रातले काय कळणार, असे मंडळींना वाटत असल्यास नवल नाही. तथापि इतक्या चर्चा ऐकल्या, त्यांत एक प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. हे यंत्र ऐकते काय, आणि ऐकून टाकून देते काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो २०२० सालच्या टाळेबंदीत. शिकवणी बंद पडली आणि पंधरा दिवसांच्या आत पडद्यावर सुरू झाली. टाळेबंदी गेली, पडदा राहिला. आमच्या लोकांची मुले भोपाळात राहतात कुठे? कोणी पुण्यास, कोणी बंगळूरला, कोणी सातासमुद्रापार. आईवडिलांनी लहानपणी लावलेली गाण्याची गोडी त्यांना तिकडे गेल्यावर आठवते. अशीच एक विद्यार्थिनी बंगळूरहून शिकते. तिची आई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. मुलीजवळ आजीचा तंबोरा आहे आणि तो ती उत्तम जुळवते.

पहिल्याच दिवशी तिने तंबोरा छेडला. दोन-तीन सेकंद तो मला छान ऐकू आला, आणि मग कोणी तारांवर अलगद हात ठेवावा तसा विरून गेला.

“तंबोरा का थांबवलास?”

“वाजतोय की सर, चालूच आहे.”

ती यमन गाऊ लागली. निषादावर ठेहराव केला, तर सूर मध्येच तुटे, पुन्हा उमटे, पुन्हा बुडे. तान घेतली ती मात्र स्वच्छ, कोरून काढल्यासारखी! चार-पाच आठवडे हेच चालले. तिच्या आईने दुकानदाराच्या सल्ल्याने मुलीला चांगला महाग मायक्रोफोन पाठवला. काही फरक पडला नाही. पडणार कसा? दोष कानाचा नव्हता, बुद्धीचा होता; म्हणजे त्या यंत्राच्या बुद्धीचा.

त्याचे असे आहे. दूरच्या माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून हे कार्यक्रम लिहिलेले असतात. बोलणाऱ्याच्या खोलीत पंखा फिरतो, कूलर घरघरतो, बाहेर पाण्याचा पंप चालतो. हे आवाज गाळून नुसते शब्द पलीकडे पोचवावेत, अशी त्यांची रचना असते. आता शब्द कोणता आणि पंखा कोणता, हे यंत्राने ओळखावे कसे? बोलणे सारखे बदलते, थांबते, पुन्हा सुरू होते. पंखा बदलत नाही. जो नाद एकसारखा टिकून राहील तो गोंगाट समजावा आणि पुसून टाकावा, हा त्याचा ठोकताळा. व्यवहाराला तो पुरतो. पण तंबोऱ्याचा सारा जन्म एकसारखे टिकून राहण्यासाठी! घोडीवर तारेखाली जिवाचा दोरा सरकवून आपण जवारी काढतो ती एवढ्याचसाठी, की एका तारेची गुंजन सरण्यापूर्वी दुसरीने तिला उचलून धरावे आणि नादात कोठे खंड पडू नये. जितका तंबोरा सुरेल, जितकी त्याची आस लांब, तितका तो यंत्राच्या दृष्टीने पंख्यासारखा. गळ्यातून निघालेल्या लांब, स्थिर सुराचीही हीच गत. तान वाचली, कारण तान बोलण्यासारखी हलती.

हे ध्यानात आले तेव्हा मला हसू आवरेना. घराण्यांचे वाद आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. हे यंत्र कोणत्या घराण्याचे ते सांगता येणार नाही, पण किराण्याचे ते खास नव्हे! एका सुरावर डोळे मिटून बसणाऱ्याला ते दोन पळांत बैठकीबाहेर काढील.

यंत्राने गाण्याला कात्री लावावी यात नवे काही नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून कित्येक वर्षे तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटांवर काही मावत नसे. रात्रभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा! अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या आपल्या घरोघर वाजल्या. त्या ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की हा नमुना आहे, बैठक वेगळी. पुढे १९४० साली रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी महाराष्ट्रात जिला मानाची जागा मिळवून दिली ती पेटी रेडिओवर साथीला चालेना, कारण तिच्या ठरीव पट्ट्यांत मींड नाही आणि श्रुतींचे बारकावे नाहीत. तीस वर्षांनंतर, १९७१ च्या सुमारास, ते दार किलकिले झाले. हा निर्णय योग्य होता की नव्हता, यावर आजही दोन मते आहेत. पण तो निर्णय होता. तो जाहीर झाला होता, त्यावर भांडता येत होते, पेटीवाल्यांना आपली बाजू मांडता येत होती. आज तंबोऱ्याला बाहेर काढले जाते तेव्हा ते कोणी कोणाला कळवीत नाही. शिकणाऱ्या पोराला वाटते, सर ऐकताहेत. सरांना वाटते, पोराने तंबोरा लावला नाही. माझा खरा आक्षेप आहे तो या गुपचूपपणाला.

इलाज आहे, आणि तो फुकटचा आहे. यांतल्या बहुतेक कार्यक्रमांत गोंगाट गाळण्याची सोय बंद करता येते. फक्त ती पोटातल्या पोटात कोठेतरी दडवलेली असते. झूमवाल्यांनी तर २०२० मध्येच खास संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय काढली. माझ्या विद्यार्थिनीने तिच्या कार्यक्रमातली ती खिट्टी शोधून फिरवली त्या दिवशी तिचा तंबोरा बंगळूरहून हबीबगंजला आला, आणि सोबत तिच्या घरचा पंखाही आला. तो तिने उठून बंद केला.

एकत्र गाणे मात्र यंत्रावर साधत नाही, त्याचा नाद सोडावा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पडद्यावरच्या बोलण्यात सेकंदाच्या दहाव्या भागाइतका, कधी त्याहून अधिक उशीर असतो. म्हणजे तबलजी चौतीस मीटरांवर, रस्त्यापलीकडच्या घरात बसला आहे असे समजा. समेवर भेट कशी व्हावी? मी गावे, तिने ऐकावे. मग तिने म्हणावे, मी ऐकावे. आमच्या घरी तालीम अशीच होत असे, त्यामुळे मला फारसे अडले नाही. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर तंबोरा लावून गाणाऱ्यांना मात्र मी हटकतो. पुरुषाची काळी एक पट्टी धरली, तर खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ६९. तेवढा खाली जाण्याची त्या स्पीकरची छातीच नाही. वरच्या स्वयंभू नादांवरून कान खर्जाचा अदमास बांधतो, एवढेच. तारेचे साधे इयरफोन लावा, निम्मे काम होते.

खरा तंबोरा घ्यावा की विजेचा, असे पालक हमखास विचारतात. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक राज नारायण यांनी १९७९ मध्ये विजेचा तंबोरा काढला, तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंदच आहे. पण कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेल्या, वर्षानुवर्षे न जुळवलेल्या मिरजेच्या तंबोऱ्यापेक्षा सुरात लागलेली विजेची पेटी शतपट बरी.

हे सारे शिकवणीपुरते राहिले असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळीतल्या एका काकांनी बोलावले. काका नागपूरचे, १९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा वडिलांबरोबर लहानपणी इकडे आले, आणि पुढे सचिवालयातच नोकरी करून निवृत्त झाले. काकू जाऊन सहा वर्षे झाली. त्या छान गात. १९८६ च्या गणेशोत्सवात त्यांनी गायलेला भूप कोणीतरी कॅसेटवर घेतला होता, आणि काकूंच्या आवाजाची घरात तेवढीच खूण. मुलाने मोठ्या हौसेने ती कॅसेट शहरातल्या एका दुकानातून संगणकावर उतरवून आणली, ‘साफ’ करून. काकांनी ती फाइल मला ऐकवली आणि म्हणाले, “मास्तर, ही गातेय खरी, पण ही ती नव्हे. मला सांगता येत नाही काय ते.”

मला सांगता आले. सरसर गेली होती, ठीक. तंबोराही गेला होता. पण आणखी एक गोष्ट होती. षड्जावर, पंचमावर काकू जेथे जेथे थांबत, तेथे तेथे आवाज पोकळ, विहिरीतून आल्यासारखा. ऋषभ-धैवतावरून जाताना तो पुन्हा भरे. असे का व्हावे? आवाज साफ करणारे कार्यक्रम गोंगाटाचा एक नमुना मागतात. उतरवून घेणाऱ्या मुलाने सुरुवातीचे काही सेकंद नमुना म्हणून दिले असणार, कारण तेथे गाणे सुरू झालेले नाही. पण तेथे तंबोरा वाजत होता! यंत्राने आज्ञाधारकपणे तंबोऱ्याचे सगळे नाद साऱ्या गाण्यातून खरवडून काढले, आणि काकूंचा सूर त्या नादांशी जेथे तंतोतंत मिळाला तेथे त्याच्याबरोबर काकूंचा सूरही खरवडला गेला. बेसूर असत्या तर वाचल्या असत्या.

सुदैवाने कॅसेट टाकलेली नव्हती. गोदरेजच्या कपाटात शालूंच्या खाली होती. ती वाजवायला यंत्र मिळेना. ज्यांच्या घरी एके काळी दोन-दोन डेक होते त्यांनी ते भंगारात दिलेले. अखेरीस तुळशीनगरातल्या एका घरी माळ्यावर एक सापडला. पट्टा सैल पडला होता, त्यामुळे सगळे गाणे अर्ध्या सुराने उतरलेले. भेलवाल्या गृहस्थांनी दुसरा पट्टा मिळवून स्वतः बसवला आणि स्पिरिटच्या बोळ्याने आतले डोके पुसले. त्यांच्या वॅटच्या ज्ञानापेक्षा हे हातचे कसब मला अधिक मोलाचे वाटले.

मे महिना होता. कॅसेट लावण्याआधी काकांनी उठून पंखा बंद केला. आधी सरसर, मग तंबोरा, मांडवातले एक रडणारे मूल, कोणाचा तरी खोकला, आणि मग काकूंचा षड्ज. भरीव, गोल. कोणी बोलले नाही.

बाजू संपल्यावर भेलवाले म्हणाले, “सरसर फार आहे हो. थोडी कमी करून घेऊ या का?”

“नको,” काका म्हणाले, “राहू दे.”

मग ती जशीच्या तशी उतरवली. एक प्रत काकांच्या लॅपटॉपवर, एक वेगळ्या ड्राइव्हवर, एक पुण्यास मुलीकडे. ड्राइव्हवर काकांनी कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि तीवर त्यांच्या सचिवालयी अक्षरात लिहिले आहे: ‘साफ करू नये.’ कॅसेट पुन्हा कपाटात गेली.